मत न देण्याची संध्याकाळ

वसू,

गुरुवारी मतदान झालं. नेहमीसारखे पाचच्या आधी पोहे केले, वर खोबरं-कोथिंबीर पेरली आणि सवयीने दोन बशा काढल्या. मग दुसरी बशी हातात धरून ओट्यापाशी नुसती उभी राहिले. तुला जाऊन अजून दोन महिनेसुद्धा झाले नाहीत. डोक्याला कळलंय, हातांना कळत नाही. अरुण नोकरीपायी आठवडाभर केंब्रिजला, शुक्रवारशिवाय घरी येत नाही. रिकाम्या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती असं लिहिणार होते, पण ते घड्याळ बंद पडलंय आणि त्याचा सेल तू आणून देणार होतीस.

इथल्या पेपरात तुझा फोटो आला. गडद निळी साडी, खांद्यावर पक्षाचं निळं फूल आणि ते मतं मागतानाचं खास हसू. खाली लिहिलंय, पिनरमध्ये केमिस्टचं दुकान चालवलं, कौन्सिलवर निवडून आली, एकदा पार्लमेंटची निवडणूक लढवली. सगळं खरं आहे. पण त्यात आपलं स्वयंपाकघर कुठेच नाही, म्हणून मी हे लिहायला बसले.

आपण भेटलो तेव्हा तू कौन्सिलर वगैरे कोणी नव्हतीस. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये कॉरिडॉरच्या टोकाला सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर होतं. तुझे मधुकरराव भूलतज्ज्ञ, माझा अरुण पॅथॉलॉजीत, आणि तू हिंगाची डबी मागे लपवून उभी. शेजारच्या खोलीतल्या सिस्टरने वासाची तक्रार केली होती. मी तेव्हाही तापट. म्हटलं, आपण दोघी मिळून तिची उलट तक्रार करू. तू म्हणालीस, "कशाला? खिडकी उघड. आणि वाटीभर भाजी नेऊन दे तिला."

आपलं पुढचं सगळं राजकारण तिथेच ठरलं बघ. मी तक्रार करणारी, तू खिडकी उघडणारी. सिस्टरने ती भाजी खाल्ली नाही, कचऱ्याच्या टोपलीत टाकली, हे मी तुला नंतर कितीदा ऐकवलं. तू दरवेळी म्हणायचीस, "पण वाटी धुऊन परत दिली ना?"

मग दोघींनी लंडनच्या टोकाला, पिनरला घरं घेतली. मी लॅबमध्ये लागले, युनियनमध्ये शिरले आणि लाल मजूर पक्षाची झाले. तू दुकान काढलंस आणि निळ्यांमध्ये, हुजूर पक्षात शिरलीस. आपल्या मंडळात कोणाचा विश्वास बसेना. तू मात्र ठाम होतीस. सरकारपुढे हात पसरायचा नाही, आपल्या पायावर उभं राहायचं, दुकान सकाळी आपण उघडायचं. मी तुला हुजूर म्हणायची, तू मला मजूर. खाणकामगारांचा संप चालू होता त्या हिवाळ्यात मी स्टेशनबाहेर डबा घेऊन वर्गणीला उभी राहायची. तू दुकान बंद करून यायचीस, डब्याकडे ढुंकूनही बघायची नाहीस, आणि माझ्या हातात चहाचा फ्लास्क द्यायचीस. "ह्यांना मी एक पेनी देणार नाही. पण तू न्यूमोनियाने मेलीस तर भांडू कोणाशी?" आता मी कोणाशी भांडू, हे कुठे सांगून गेलीस?

निळ्यांनी तुला आधी समोसेच करायला लावले. त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाला फोन यायचा, यू मेक सच वंडरफुल समोसाज. आता आपल्याकडे घरी समोसे कोण करतं? तुला तर साधी पुरीची कणीक घट्ट मळता येत नव्हती. तू गुजराती दुकानातून आणायचीस, घरच्या स्टीलच्या डब्यात भरायचीस आणि खुशाल वाहवा घ्यायचीस. मी म्हटलं, ही फसवणूक आहे. तू म्हणालीस, "निमे, ह्याला डेलिगेशन म्हणतात."

त्या समोशांवरून तू दारोदारच्या पत्रकांवर गेलीस, पत्रकांवरून कमिटीवर, आणि एक दिवस कौन्सिलर झालीस. तिथे तू ती जोडीची, पेअरची रीत शिकलीस. दोन विरुद्ध पक्षांचे सभासद आपापसात ठरवतात. तुझ्याच्याने मतदानाला येणं होणार नसेल तर मीही येत नाही, म्हणजे दोघांची मतं कटली आणि कोणाचं नुकसान नाही. लिहून काही द्यायचं नाही, नुसता शब्द. मोडायची असेल तर आधी सांगायचं, एवढा एकच नियम. तू ते इतकं रंगवून सांगितलंस आणि मग डोळे बारीक करून म्हणालीस, "आपण पेअर करूया का गं? नाहीतरी आपली दोघींची मतं एकमेकींना मारतातच. त्यापेक्षा जनरल इलेक्शनच्या दिवशी चहा पिऊ."

"तू कौन्सिलर आहेस. लोकांना मत द्या म्हणून दारं वाजवत फिरणार आणि स्वतः देणार नाहीस?"

"बॅलट सीक्रेट असतो."

मत कोणाला दिलं ते सीक्रेट असतं, दिलं की नाही ते नसतं, हे तू विसरलीस. पहिल्याच वेळी आपण तुझ्या घरी पोहे खात बसलो होतो आणि दाराची बेल वाजली. तुझ्याच पक्षाच्या दोन बायका, हातात मतदारांची यादी, तोंडावर संकोच. "कौन्सिलर, वी'व्ह गॉट यू डाउन अ‍ॅज नॉट व्होटेड यट." मी आत तोंडात पदर कोंबून बसले होते. तू त्यांना म्हणालीस की तुम्ही माझ्याही दारी विचारायला येता की नाही हेच मी बघत होते, आणि फुल मार्क्स देऊन त्यांना वाटेला लावलंस. तेव्हापासून आपण माझ्या घरी बसायला लागलो. मागच्या खोलीत, पडदे ओढून. पाच वाजता पोहे, चहा, आणि त्या दिवशी राजकारणावर एक शब्द नाही. दिवाळीला तू मिल्टन कीन्सला लेकीकडे, अदितीकडे जायचीस, गणपतीत मंडळाच्या गर्दीत वाट्याला यायची नाहीस. माझा खरा सण तोच होता, आणि तो चार-पाच वर्षांनी एकदा यायचा.

लोक तुला परंपरावादी म्हणायचे. तूही म्हणायचीस. पण त्या संक्रांतीला तुझ्याकडे हळदीकुंकवाला पक्षाच्या अध्यक्ष मिसेस हार्डिंग आल्या होत्या. नवरा जाऊन वर्ष झालेलं. आपल्या बायका कुंकवाचा करंडा हातात धरून एकमेकींकडे बघत राहिल्या. तू उठलीस आणि त्यांच्या कपाळावर हे एवढं मोठं कुंकू लावलंस, वाणही दिलंस. त्यांना काहीच कळलं नाही, त्या नुसत्या थँक यू डियर म्हणाल्या. आपल्या बायकांपैकी दोघीजणी पुढच्या वर्षी आल्या नाहीत.

तू फार एकटी होतीस, वसू. हे मला तेव्हा दिसत होतं, पण तुला ते म्हटलेलं आवडलं नसतं. आपल्या लोकांत तू एकटी निळी आणि निळ्यांत तू एकटी सावळी. तुमच्या सरकारने पोल टॅक्स आणला, गरीब-श्रीमंत सगळ्यांना माणशी सारखाच कर, तेव्हा तुझ्या दुकानाच्या काचेवर अंडी फुटली. मी बादली घेऊन आले, दोघींनी मिळून काच धुतली आणि धुता धुता भांडलो.

"तुला तरी पटतो का हा टॅक्स?"

"नाही."

"मग कौन्सिलमध्ये त्याच्या बाजूने हात वर कशाला केलास?"

तू फडकं पिळत राहिलीस. मग म्हणालीस, "मी तिथे एकटी आहे, निमे. एकदा हात खाली ठेवला ना, की पुन्हा वर करायला मला कोणी बोलावणार नाही. तुझ्यामागे आख्खी युनियन आहे. माझ्यामागे कोण आहे?"

मी आहे, असं म्हणायचं होतं. पण मी रागात होते, आणि ते खरंही नव्हतं. त्या काचेपाशी मी तुझ्यामागे नव्हतेच, शेजारी होते. तेवढंच जमण्यासारखं होतं. हा वाद आपला अर्धाच राहिला. मला अजूनही वाटतं, तू हात खाली ठेवायला हवा होतास. आणि अजूनही वाटतं की तसं म्हणणं मला फार सोपं होतं.

पुढे तुला पार्लमेंटचे वेध लागले. उमेदवार निवडण्याच्या एका मुलाखतीत तुला विचारलं, तुम्ही वेस्टमिन्स्टरला असताना तुमच्या यजमानांच्या जेवणाचं काय? तू म्हणालीस, माझा नवरा रोज माणसं झोपवून पुन्हा जागी करतो, त्याला वरणभात जमेल. ते हसले, टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्यालाच घेतलं. अशा किती मुलाखती झाल्या. दर वेळी तू ट्रेनने परत यायचीस, स्टेशनवरून थेट माझ्याकडे, आणि म्हणायचीस, "व्हेरी इम्प्रेस्ड होते गं." शेवटी त्यांनी तुला उत्तरेकडची एक सीट दिली. खाणींचं गाव. तिथे दगडाला लाल रंग दिला तरी तो निवडून आला असता. नव्याने आधी हरून दाखवायचं, मग बरी सीट मिळते, असा तुमचा रिवाज. तू इतकी खूष झालीस की मला हसताही येईना.

आणि तुला गाडी चालवता येत नव्हती! राउंडअबाउटचा गोल चौक दिसला की तू डोळेच मिटायचीस, म्हणून टेस्टमध्ये नापास. मधुकररावांना सुट्टी मिळेना. मग निळ्या उमेदवाराला लाल मजुराने त्या गावात नेलं. वीकेंडला तू दारं वाजवायचीस आणि मी कोपऱ्यावर गाडीत बसून स्वेटर विणायची. लोक दार उघडायचे, साडी बघायचे, निळं फूल बघायचे, आणि बहुतेक दारं मिटायची. तू प्रत्येक मिटलेल्या दाराला थँक यू म्हणायचीस. एका म्हातारीने तुला आत बोलावलं, तर तू मलाही हाक मारलीस. ती म्हणाली, "आय'ड सूनर व्होट फॉर द कॅट, लव्ह. बट युअर फीट मस्ट बी पेरिश्ड." म्हणजे मत हवं तर मांजराला, पण पाय गारठले असतील; आणि तिने दोघींना शेगडीपाशी बसवलं. गाडीत परत आल्यावर तू म्हणालीस, "बघ, मी सांगत होते. खिडकी उघडते." तुझ्या चपलेतले पाय निळेजांभळे झाले होते, आणि मला त्या क्षणी तुझा इतका राग आला होता, इतकी माया आली होती, की मी गाडी चुकीच्या दिशेला वळवली.

त्या मतदानाच्या दिवशी तू तिकडेच होतीस. बरोबर पाचला फोन वाजला, नाण्यांचा आवाज, मागे वारा.

"पोहे केलेस?"

"केले. तुझे झाकून ठेवलेत."

"मत दिलंस?"

"पेअर आहे ना आपलं. तू?"

"माझं नाव पिनरच्या यादीत. माझ्या स्वतःच्या इलेक्शनला मलाच मत नाही, काय गंमत आहे बघ." मग थोडं थांबून म्हणालीस, "इथे फार थंडी आहे गं."

दणकून हरलीस. डिपॉझिट वाचलं म्हणून पेढे वाटलेस. बरी सीट मात्र त्यांनी तुला कधीच दिली नाही.

मी एकदा विचारलं होतं, तुझ्या घरात तरी तुझ्या पक्षाची दोन मतं आहेत ना? तू नाक उडवलंस. "मधूचं मी धरतच नाही. तो काही बोलत नाही आणि मी विचारत नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?" मी ते हसण्यावारी नेलं.

मागच्या दिवाळीनंतर आपलं शेवटचं भांडण झालं. जो तो म्हणत होता, ह्या वेळी लाल येणार, अठरा वर्षांनी. मी म्हटलं, "वसू, ह्या वेळी मला मत द्यायचंय. आधी सांगतेय, नियमाप्रमाणे."

"तुझ्या एका मताने काय होणारे? पिनर निळंच राहणार."

"राहू दे. पण जिंकताना माझा हात लागायला हवा. आयुष्यभर हरणाऱ्यांच्या बाजूला होते मी."

"आणि मी?" तू म्हणालीस. "माझी माणसं हरणार त्या संध्याकाळी मी कुठे बसू?"

तू कप ठेवलास, कोट घातलास आणि गेलीस. वाटलं, चार दिवसांनी येशील, मग बोलू. चार दिवसांनी तुझे रिपोर्ट आले, आणि त्यानंतर मतदानाबद्दल बोलणं म्हणजे निव्वळ वेडेपणा वाटायला लागला. फक्त एकदा हॉस्पिटलमध्ये तू डोळे मिटूनच विचारलंस, "इलेक्शन कधी आहे?" मी म्हटलं, आधी बरी हो. तू म्हणालीस, "मी मधूला सगळं सांगून ठेवलंय." मला वाटलं, साडीचं, दिव्याचं, पुढच्या गोष्टींचं सांगितलं असशील. मी तुझा हात धरून बसले. भांडण तसंच राहिलं.

क्रेमाटोरियमला जाण्याआधी अदिती तुझ्या कपाटापुढे रडत उभी होती आणि तिच्या इथल्या मोडक्या मराठीत विचारत होती. "मावशी, आईचा कुठला साडी नेसवायचा?" मी ती निळी काढून दिली. स्वतःच्या हाताने. तुला कळलं असतं तर तू जन्मभर ऐकवलं असतंस.

तर गुरुवारी मी दुसरी बशी हातात घेऊन उभी होते. कोट बाहेर काढून ठेवला होता. म्हटलं होतं, चमचाभर पोहे खायचे आणि शाळेत जाऊन मत देऊन यायचं. जोडीदार गेला की जोडी संपते, हे तूच सांगितलं होतंस. तेवढ्यात बेल वाजली. दारात मधुकरराव. कोट, टाय, हातात तुझा तो चहाचा फ्लास्क.

"वसूने सांगितलं होतं," ते म्हणाले. "मतदानाच्या दिवशी पाचला निमाकडे जायचं. ती एकटी बसेल. मत द्यायचं नाही. म्हणाली, माझी जागा आता तुझी."

मी त्यांना मागच्या खोलीत बसवलं, पडदे ओढले आणि दुसरी बशी भरून आणली. आम्ही खायला लागलो. तू म्हणाली होतीस ना, त्या संध्याकाळी मी कुठे बसू? बसलीस बाई, तुझी जागा सोडली नाहीस. मी कोट परत खुंटीला लावला.

मग मी म्हटलं, "बरं केलंत. तिची बाजू तुम्ही राखलीत. नाहीतर तुमचं एक मत निळ्यांना गेलंच असतं."

मधुकररावांनी चमचा खाली ठेवला. "निळ्यांना? निमाताई, अहो, मी कधीच निळ्यांना दिलेलं नाही. पहिल्यापासून तुमच्या लोकांना देतो. आख्खा जन्म हॉस्पिटलात काढला मी."

"वसूला माहीत होतं?"

"मी कधी बोललो नाही," ते म्हणाले. "पण तिला... तिला माहीत नाही असं काय होतं?"

आणि मग मला हसू फुटलं, वसू. इतकं, की पोहे घशात अडकले आणि मधुकरराव पाणी आणायला धावले. तुला मत द्यायचंच नव्हतं, तू तर गेलेली. आणि जाता जाता लालांची दोन मतं माझ्या मागच्या खोलीत आणून कोंडून ठेवलीस! आख्ख्या पिनरमध्ये असा प्रचार कोणी केला नाही. ते पाणी घेऊन आले तेव्हा तेही हसत होते, आणि मग दोघांचंही हसणं हसणं राहिलं नाही. तुझ्या नवऱ्याला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

डोळे पुसून ते म्हणाले, "अजून वेळ आहे. शाळा काय दोन रस्ते टाकून. जाऊन येऊया का?"

अठरा वर्षं मी त्या मताची वाट बघितली होती. खुंटीवरचा कोट बसल्या जागेवरून दिसत होता.

"बसा," मी म्हटलं. "पोहे गार होतील."

सकाळी कळलं, लाल आले. देशभर आले, आपलं पिनरसुद्धा निळं राहिलं नाही. लॅबमध्ये लोक केक कापत होते. मला तुला फोन करून हिणवायचं होतं, आणि माझं तोंड बंद होईल असं काहीतरी तुझ्याकडून ऐकायचं होतं. कोणाला फोन करू? ज्या एका माणसाला हरवायचं होतं तेच नाही, तर हे जिंकणं घेऊन मी काय करू, वसू? तू सगळीकडे हरलीस, फक्त माझ्या स्वयंपाकघरात दोन मतांनी जिंकलीस. आणि तेवढं जिंकलेलंसुद्धा तुला सांगणारं कोणी नाही.

मधुकरराव म्हणतात, पुढच्या वेळीही येईन. आले तर पोहे करीन. पण पुढच्या वेळी मी मत देणार आहे, हुजूर. जोडी मोडायची असेल तर आधी सांगायचं असतं, म्हणून आत्ताच सांगतेय. ऐकलंस ना?